फंक्शनचा पत्ता सांगणारे सीटॅग्ज

सीटॅग्ज हे कमांड लाइनवर चालणारे एक छोटे साधन आहे. सोर्स कोडमधले कोणते फंक्शन कोणत्या फाइलमध्ये लिहिलेले आहे, याची यादी ते तयार करते. मोठ्या प्रोग्राममध्ये एका फंक्शनचे नाव शेकडो ठिकाणी येते. त्यांतली बहुतेक ठिकाणे त्याला बोलावण्याची असतात. त्याची डेफिनिशन सहसा एकाच जागी असते. ग्रेपसारख्या शब्द शोधणाऱ्या कमांडला हा फरक कळत नाही. नाव जिथे जिथे दिसेल ती प्रत्येक ओळ ती समोर टाकते. सीटॅग्ज डेफिनिशनपुरतेच बोलते.

केन अर्नोल्ड यांनी ते बर्कलीच्या युनिक्ससाठी लिहिले. त्यात फोरट्रानची सोय जिम क्लेकनर यांनी केली आणि पास्कलची बिल जॉय यांनी. व्हीआय हा एडिटरही जॉय यांचाच, त्यामुळे एडिटर आणि यादी यांची जोडी सुरुवातीपासून जमली. पुढे डॅरेन हीबर्ट यांच्या एग्झ्युबरंट सीटॅग्जने अनेक भाषा सामावून घेतल्या. त्याची शेवटची ५.८ ही आवृत्ती २००९ची. आता युनिव्हर्सल सीटॅग्ज तेच काम पुढे नेत आहे. बेल लॅब्जमध्ये जो स्टेफेन यांनी पीडीपी-११ या संगणकाच्या काळात लिहिलेले सीस्कोप हे त्याचे भावंड. एखाद्या फंक्शनला कोण कोण बोलावते, हा उलटा प्रश्नही त्याला विचारता येतो. एप्रिल २०००मध्ये त्याचा कोड सर्वांसाठी खुला झाला.

सीटॅग्जची खरी करामत त्याने लिहिलेल्या ‘टॅग्ज’ नावाच्या फाइलमध्ये आहे. ही साधी मजकुराची फाइल असते आणि एका डेफिनिशनला एक ओळ मिळते. ओळीत आधी नाव, मग फाइल आणि शेवटी ती जागा गाठण्याची खूण. खूण म्हणून ओळीचा क्रमांक पुरला असता, असे प्रथम वाटते. पण फाइलच्या वरच्या भागात कुणी दोन ओळी वाढवल्या की खालचे सगळे क्रमांक चुकतात. म्हणून फंक्शनसाठी डेफिनिशनची मूळ ओळच शोधण्याच्या नमुन्याच्या रूपात लिहून ठेवली जाते. एडिटर ती फाइल उघडतो आणि त्या मजकुराची ओळ शोधतो. कोड खाली-वर सरकला तरी ती सापडते. ती ओळच बदलली, तर मात्र यादी नव्याने करावी लागते. इतक्या कमी सामग्रीत इतका टिकाऊ उपाय सॉफ्टवेअरमध्ये क्वचितच पाहायला मिळतो.

यादी नावांच्या क्रमाने लावलेली असते, हा दुसरा भाग. शोध मधल्या ओळीपासून सुरू होतो. हवे ते नाव क्रमाने अलीकडे आहे की पलीकडे, एवढे पाहून निम्मी यादी बाजूला पडते. दहा लाख ओळींच्या यादीतही सुमारे २० तुलनांत उत्तर मिळते. फाइल क्रमाने लावलेली आहे की नाही, हे तिच्या डोक्यावरच्या एका ओळीत नोंदवलेले असते. व्हिम हा एडिटर त्यावरून शोधाची रीत ठरवतो.

सीटॅग्ज कोड कंपाइल करत नाही. अक्षरांची ठेवण पाहून ते डेफिनिशन ओळखते. त्यामुळे अर्धवट लिहिलेला किंवा लायब्ररी नसलेला कोडही त्याला चालतो. इंटरनेट लागत नाही आणि जुना संगणकही पुरतो. बुऱ्हाणपूर किंवा जळगावच्या एखाद्या विद्यार्थ्याने लिनक्स कर्नलचा कोड एकदा उतरवून घेतला, तर ‘मेक टॅग्ज’ ही कमांड देऊन तो पुढचे वाचन जोडणीशिवाय करू शकतो. मोठा कोड वाचायला शिकण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

पण याच हलकेपणातून अडचणी येतात. एकाच नावाची स्टॅटिक फंक्शने वेगवेगळ्या फाइलींत असू शकतात. अशा वेळी व्हिम चालू फाइलमधल्या नावाला आधी पसंती देतो. मॅक्रो त्याहून अवघड. कर्नलमधल्या ‘सिस_रीड’ या फंक्शनची डेफिनिशन त्या नावाने लिहिलेलीच नाही. ‘सिस्कॉल_डिफाइन३’ या मॅक्रोला ‘रीड’ एवढाच शब्द दिलेला असतो आणि पूर्ण नाव कंपाइल होताना जुळते. कर्नलच्या टॅग्ज बनवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये यासाठी वेगळे नियम हाताने लिहिले आहेत, आणि नव्या धाटणीचा मॅक्रो आला की आणखी नियम लिहावा लागतो. फंक्शन पॉइंटरमधून बोलावणे झाले, तर त्या जागी कोणते फंक्शन चालेल हे प्रोग्राम चालल्यावरच ठरते. तिथे सीटॅग्ज आणि सीस्कोप दोन्ही गप्प राहतात.

यातली सर्वांत कठीण गाठ जीसीसी या कंपायलरच्या कोडमध्ये आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभे राहिले आणि ‘एसेन्शिअल ॲब्स्ट्रॅक्शन्स इन जीसीसी’ या कार्यशाळांतून हा कोड शिकवला गेला. जीसीसीत पूर्णांकांच्या बेरजेची सूचना तयार करणारे ‘जेन_ॲडएसआय३’ नावाचे फंक्शन आहे. त्याची डेफिनिशन उतरवलेल्या कोडमध्ये कुठेच नसते, कारण ते माणसाने लिहिलेलेच नाही. प्रोसेसरचे वर्णन करणाऱ्या वेगळ्या फाइली वाचून जीसीसीची बांधणी होतानाच एक छोटा प्रोग्राम ते लिहितो. इंटेलच्या वर्णनात तर हे नाव पूर्ण स्वरूपातही नाही. ‘एसआय’च्या जागी एक रिकामा साचा असतो आणि त्यातून वेगवेगळ्या आकारांच्या पूर्णांकांसाठी वेगवेगळी नावे निघतात. ग्रेपही इथे हरते.

त्यामुळे आधी जीसीसी बांधायचा आणि मग बांधणीच्या फोल्डरवर सीटॅग्ज चालवायचे, असा उलटा क्रम घ्यावा लागतो. तेव्हा टॅग यंत्राने लिहिलेल्या फंक्शनपाशी पोचवतो. तिथल्या टिप्पणीत मूळ वर्णनाच्या फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक असतो. तेवढा शेवटचा टप्पा वाचणाऱ्याने स्वतः पार करायचा असतो.