पेरभर मूर्ती, हातभर गैरसमज

28 मिलिमीटर उंचीचा शिपाई म्हणजे बोटाचं जेमतेम एक पेर. त्याचा चेहरा चार-पाच मिलिमीटरचा. त्या चेहऱ्यावर भुवया, ओठ, गालावरचा जुना वार आणि कपाळावर पडलेलं ऊन रंगवणारे छांदिष्ट जगभर आहेत. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने 1893 मध्ये पोकळ ओतकामाचे शिशाचे शिपाई बाजारात आणले. वीस वर्षांनी, 1913 मध्ये, एच. जी. वेल्स यांनी अशाच शिपायांच्या लुटुपुटूच्या लढायांचे नियम सांगणारं 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिलं. 1987 मध्ये गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने तर केवळ रंगकामासाठी 'गोल्डन डेमन' ही स्पर्धा सुरू केली. मुलांच्या खेळण्यातून निघालेली ही वाट आता एका स्वतंत्र कलेपर्यंत पोचली आहे.

तरीही नवशिक्या रंगवायला बसला की त्याच्या कानावर ठरावीक गोष्टी पडतात : हात स्थिर हवा, ब्रश केसाएवढा हवा, महागडं सामान हवं. या समजुती त्याचं लक्ष हाताकडे आणि सामानाकडे वळवतात. खरं काम असतं ते प्रकाशाचं, आणि ते मागे पडतं.

आधी ब्रशबद्दल. 'जितकं बारीक काम, तितका बारीक ब्रश' हे ऐकायला पटतं, पण 000 नंबरच्या ब्रशच्या पोटात रंगच मावत नाही. मूर्तीपर्यंत हात जाईतो टोकावरचा अ‍ॅक्रिलिक रंग सुकायला लागतो आणि रेघ तुटक उमटते. अनुभवी रंगकार बरंचसं काम 1 किंवा 2 नंबरच्या गोल ब्रशने करतात. पोट भरदार आणि टोक सुईसारखं, ही त्यांची अट. विन्सर अँड न्यूटनचा 'सीरिज 7' हा या क्षेत्रातला नावाजलेला ब्रश आहे. 1866 मध्ये राणी व्हिक्टोरियाने या कंपनीकडे ब्रशची मागणी नोंदवली आणि 7 हा तिचा आवडता नंबर होता, असं कंपनीचा इतिहास सांगतो. हे ब्रश कोलिन्स्कीच्या, म्हणजे सायबेरियन वीझल या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे असतात. आपल्याकडे कुणी स्वस्त आणि लवचीक म्हणून मुंगसाच्या केसांचा ब्रश पुढे केला, तर तो मुळीच घेऊ नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाची शिकार आणि त्याच्या केसांचा व्यापार या दोन्हींवर बंदी आहे. चांगल्या टोकाच्या कृत्रिम केसांच्या ब्रशने शिकायला काहीच अडत नाही.

हात थरथरण्याचंही तसंच. पूर्ण स्थिर हात कुणाचाच नसतो. मूर्ती एखाद्या रिकाम्या औषधाच्या बाटलीवर चिकटवायची, कोपरं टेबलावर टेकवायची आणि दोन्ही मनगटं एकमेकांना लावून धरायची. मग हात हलला, तरी मूर्ती आणि ब्रश एकत्रच हलतात.

रंग बाटलीतून थेट लावायचा, हा यापुढचा गैरसमज. त्या जाड थराखाली चिलखताच्या कड्या, बोटांमधल्या फटी, कापडाच्या बारीक चुण्या बुजून जातात. पाणी घालून पातळ केलेले दोन थर लावावेत, आणि पहिला पुरता सुकल्याशिवाय दुसरा लावू नये. डंकन ऱ्होड्स या ब्रिटिश रंगकाराने आपल्या व्हिडिओंतून हा धडा इतक्यांदा गिरवून घेतला, की दोन पातळ थर हीच त्याची ओळख झाली. पातळ केलेला रंग लवकर सुकू नये म्हणून ओली पॅलेट वापरतात. ती विकत आणायलाच हवी असं नाही. बसक्या डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर ठेवला की झालं. कागद मात्र मेणाचा नको, त्यातून पाणी वर येत नाही.

आता मुख्य मुद्दा. 'खऱ्या वस्तूचा जो रंग, तोच मूर्तीला द्यावा' ही समजूत सर्वांत पक्की आहे आणि सर्वांत जास्त नुकसान तीच करते. उन्हात उभ्या माणसाच्या अंगरख्याच्या चुण्या खोल असतात आणि त्यांच्या सावल्या दुरूनही दिसतात. मिनिएचरवर, म्हणजे अशा पेरभर मूर्तीवर, तीच चुणी अर्धा मिलिमीटरही खोल नसते. खोलीतला उजेड तिथे चहूकडून शिरतो, आणि हातभर अंतरावरून पाहिलं की सगळा अंगरखा सपाट दिसतो. म्हणून ऊनही रंगवावं लागतं आणि सावलीही, तीसुद्धा डोळ्याला जितकी योग्य वाटते त्याहून थोडी जास्त ठळक. लष्करी पोशाखाच्या कापडाशी तंतोतंत जुळवलेला रंगही लहान मूर्तीवर गडद वाटतो. त्यामुळे जाणकार तो मुद्दाम थोडा उजळ घेतात.

ही ऊन-सावली काळा आणि पांढरा मिसळून साधेल, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात लाल रंगात पांढरा मिसळला की सैनिकाचा डगला गुलाबी होतो. त्याला उजळायला नारिंगी किंवा फिकट कातडीचा रंग लागतो, आणि सावलीसाठी गडद तपकिरी किंवा किंचित हिरवा. पिवळ्यात काळा घातला तर तो हिरवट होतो, तिथे तपकिरीच हवा. काळं कापड गडद निळसर करड्या रंगात रंगवून निखळ काळा फक्त खोल चुण्यांसाठी राखतात. पांढऱ्या कापडाचं गणित याच्या उलट : आधी फिकट करडा, आणि शुद्ध पांढरा अगदी शेवटी, उंचवट्यांवर.

प्रकाश नेमका कुठे पडतो हे कळण्यासाठी एक सोपी युक्ती आहे. आधी सगळ्या मूर्तीवर काळा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पायाचा थर, मारायचा. तो सुकला की वरच्या अंगाने, साधारण 45 अंशांतून, पांढऱ्याचा फवारा द्यायचा. डोकं, खांदे, नाक उजळतात आणि हनुवटीखालचा, काखेतला भाग काळा राहतो. मूर्तीवरच नकाशा तयार होतो.

मशाल किंवा कंदिलाचा उजेड दाखवताना मशालीभोवती पिवळा फासून मोकळं व्हायचं, हीदेखील नेहमीची चूक. या बाबतीत मराठी वाचकाच्या हाताशी फार मोठा गुरू आहे. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम हळदणकर यांचं, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते राजा रविवर्मांचं आहे, असं अनेक जण आजही समजतात. त्या चित्रात ज्योत झाकणारी बोटं लालसर उजळली आहेत, चेहऱ्यावर खालून प्रकाश आला आहे, आणि बाकीचा भाग अंधाराकडे झुकतो. तो अंधारच ज्योत पेटवतो. मिनिएचरवरही हाच नियम : ज्योत सर्वांत उजळ, तिच्याकडे वळलेली अंगं त्याहून मंद आणि उरलेलं सारं काळोखात.

डोळ्यांबद्दल थोडं वेगळं सांगावं लागेल. पेणच्या कारखान्यांत गणेशमूर्तींच्या डोळ्यांची आखणी हे सर्वांत कसबाचं काम मानतात, आणि मूर्तीचा भाव खरोखरच त्या रेषांवर उभा असतो. पण 28 मिलिमीटरच्या शिपायाला पांढराशुभ्र डोळा आणि मधोमध काळा ठिपका दिला, की तो दचकल्यासारखा दिसतो. मळकट पांढरा घ्यावा, वरच्या पापणीला गडद रेघ द्यावी आणि बुबुळ त्या रेघेला चिकटलेलं ठेवावं. भुवईखाली खोल सावली असेल, तर डोळा नुसता सावलीत सोडला तरी चालतो.

वॉश, म्हणजे फटींत उतरणारा पातळ गडद रंग, सगळ्या मूर्तीवर ओतला की काम झालं असंही मानतात. सपाट भागांवर त्याचे डाग पडतात. तो फटींतच सोडावा. गेम्स वर्कशॉपने 2019 मध्ये आणलेले 'कॉन्ट्रास्ट' रंग एका थरात छटा देतात हे खरं, पण फिकट प्रायमरवर आणि खडबडीत पोतावर. रुंद ढाल किंवा झगा असेल, तर तेवढ्याने भागत नाही. सोनं-रुपं दाखवायला चमकीचाच रंग हवा, असंही नाही. साध्या पिवळ्या-तपकिरी किंवा करड्या छटा गडद आणि लख्ख अशा शेजारी-शेजारी मांडून धातूचा भास निर्माण करता येतो. तो भास समोरच्या बाजूने सर्वांत पटतो, म्हणून मूर्ती कुठून पाहिली जाणार हे आधी ठरवावं लागतं.

प्रायमर टाळणं मात्र महागात पडतं. साच्यातून मूर्ती सहज सुटावी म्हणून लावलेला तेलकट थर तिच्यावर राहिलेला असतो. साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, वाळवून, मग प्रायमर लावला नाही तर रंग नखानेही निघतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. दमट हवेत स्प्रे प्रायमर खरखरीत बसू शकतो, आणि मॅट वार्निशचा फवारा पांढुरका धुरकट होऊन पुऱ्या झालेल्या कामावर पाणी फिरवतो. त्या दिवसांत दोन्ही ब्रशने लावावेत.

नवी मूर्ती हाती घेणाऱ्याने रंगाची बाटली उघडण्याआधी एवढं करावं. मूर्तीला करडा प्रायमर द्यावा, खोलीतले दिवे मालवून वरून एकच टेबल लॅम्प लावावा आणि मोबाइलवर तिचा कृष्णधवल फोटो काढावा. तो समोर ठेवून रंगवायला बसावं.