भारोत्तोलन आणि पादत्राणाची निवड

तालमीतील बैठका अनवाणी काढतात. तेथे पेलावयाचा भार केवळ शरीराचा असतो. खांद्यांवर वजन घेऊन काढावयाच्या बैठकीत मात्र पादत्राणाचा प्रश्न गौण राहत नाही. धावण्याच्या बुटाचा मऊ तळ धक्का शोषण्यासाठी योजलेला असतो. भाराखाली तो असमान दबतो व तोल ढळतो. यास्तव न दबणारा तळ ही पहिली अट होय.

दुसरा प्रश्न टाचेच्या उंचीचा. खोल बैठकीत गुडघे पुढे जाण्यासाठी घोटा पुरेसा वाकावा लागतो. तो ताठर असल्यास टाचा उचलल्या जातात, किंवा धड पुढे झुकून कंबरेवर ताण येतो. भारोत्तोलनाच्या बुटाची सुमारे २ सेंटिमीटर उंच, कठीण टाच ही उणीव भरून काढते. स्नॅचमध्ये भार खोल बैठकीत झेलावयाचा असल्याने तेथे असा बूट विशेष उपयुक्त ठरतो.

डेडलिफ्टमध्ये याच उंचीमुळे भार उचलण्याचे अंतर वाढते. तेथे पातळ, सपाट तळच इष्ट.

तात्पर्य, पादत्राण ठरवावे ते क्रिया आणि घोटा पाहून. भिंतीपासून सुमारे १० सेंटिमीटरवर अंगठा ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीस टेकत असेल, तर बैठकीसही सपाट तळ बहुधा पुरतो.