जन्मठेप, संचित रजा व अभिवचन रजा : शिक्षेच्या मोजणीचा अर्थविचार

न्यायालय शिक्षा शब्दांत सांगते. तिची मोजणी मात्र दिनदर्शिकेवर व्हावयाची असते. या दोहोंच्या मध्ये जे अंतर राहते, त्यात लोकसमजुती रुजतात. पालखीमार्गावरील नातेपुते गावी काय किंवा महाराष्ट्रातील अन्य कोणत्याही गावी काय, ‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. ‘तुरुंगात दिवस आणि रात्र निरनिराळे मोजतात, सबब चौदाची सातच होतात’ अशी पुस्तीही त्यास जोडली जाते. ज्या घरचा माणूस बंदिवासात असतो ते घर मुलीचे लग्न, जमिनीची वाटणी, कर्जाची फेड या आकड्यावर बेतते. आकडाच चुकीचा असेल तर पुढचे सारे हिशेब चुकतात. म्हणून या शब्दांचे कायद्यातील अर्थ नीट पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम मुदतीच्या शिक्षेचा विचार करू. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ याने ‘महिना’ व ‘वर्ष’ यांची व्याख्या इंग्रजी दिनदर्शिकेनुसार केली आहे. त्यामुळे एक वर्षाची कैद म्हणजे दिनदर्शिकेतील एक पूर्ण वर्ष. दिवस-रात्रीच्या दुहेरी मोजणीस त्यात आधार नाही. निकालापूर्वी त्याच खटल्यात आरोपी जितका काळ अटकेत राहिला असेल, तितका मुदतीच्या कैदेतून वजा होतो. ही वजावट पूर्वी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२८ अन्वये मिळत असे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ४६८ मध्ये आहे. समजा, नातेपुते येथील एखाद्या इसमास तीन वर्षांची सक्तमजुरी झाली आणि तत्पूर्वी तो पाच महिने कच्च्या कैदेत होता. तर त्यास भोगावयाची बाकी दोन वर्षे सात महिने राहते. दंड न भरल्याबद्दलची कैद मात्र या वजावटीत बसत नाही.

जन्मठेपेचा प्रश्न याहून अवघड आहे. इंग्रजी अमदानीत या शिक्षेचे स्वरूप काळ्या पाण्याचे होते. विनायक दामोदर सावरकर यांना १९१०-११ मध्ये दोन जन्मठेपा झाल्या, त्या एकीपाठोपाठ एक भोगावयाच्या असून त्यांची बेरीज ५० वर्षे धरण्यात आली होती. म्हणजे ‘जन्म’ हा शब्द तेव्हा व्यवहारात पंचवीस वर्षांचे एक माप बनला होता. १९५५ च्या दुरुस्तीने काळ्या पाण्याची शिक्षा दंडसंहितेतून गेली आणि तिच्या जागी ‘आजीवन कारावास’ आला. पुढे गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेले गोपाळ विनायक गोडसे यांनी सर्वोच्च न्यायालयात असा दावा केला की, मिळालेली माफी धरता आपली वीस वर्षे पुरी झाली आहेत. १९६१ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. जन्मठेप म्हणजे बंद्याचे उर्वरित नैसर्गिक आयुष्य. शासनाने शिक्षा कमी केल्याखेरीज केवळ माफीच्या बेरजेने सुटकेचा हक्क उत्पन्न होत नाही, असा अर्थ त्या निर्णयाने स्थिर झाला.

मग वीस आणि चौदा हे आकडे कोठून आले? वीसचा आकडा जुन्या दंडसंहितेच्या कलम ५७ मधील असून तो आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ६ मध्ये आहे. पण तो केवळ अपूर्णांक काढण्यासाठी आहे. एखाद्या गुन्ह्याच्या प्रयत्नास जन्मठेपेच्या निम्म्यापर्यंत शिक्षा सांगितली असेल तर ‘जन्माचे निम्मे’ किती, याचे उत्तर ‘दहा वर्षे’ असे देता यावे, एवढाच त्याचा हेतू. चौदाचा आकडा १९७८ मध्ये घातलेल्या कलम ४३३-अ मधला. ज्या अपराधास मृत्युदंडही होऊ शकतो त्याबद्दल जन्मठेप झाली असेल, अथवा मृत्युदंडाचे रूपांतर जन्मठेपेत झाले असेल, तर प्रत्यक्ष चौदा वर्षे तुरुंगात काढल्याशिवाय शासनाने या संहितेखाली सोडू नये, असे ते कलम सांगते. राष्ट्रपती व राज्यपाल यांच्या घटनादत्त अधिकारास ते बाध आणीत नाही. थोडक्यात, चौदा वर्षे हा उंबरठा आहे, अखेर नव्हे. तो ओलांडल्यावर अर्जाचा विचार होऊ शकतो. दार आपोआप उघडत नाही. जन्म एकच असल्यामुळे दोन जन्मठेपा एकीमागून एक भोगावयास लावता येत नाहीत, हेही घटनापीठाने २०१६ मध्ये स्पष्ट केले.

आता रजेकडे वळू. महाराष्ट्रात १९५९ च्या नियमांनुसार बंद्यास दोन प्रकारे काही काळ घरी जाता येते. ‘फर्लो’ला शासकीय मराठीत ‘संचित रजा’ आणि ‘पॅरोल’ला ‘अभिवचन रजा’ म्हणतात. या दोन प्रतिशब्दांत मोजणीचा नियमच दडलेला आहे. संचित म्हणजे साठविलेले. ठराविक काळ शिक्षा भोगून व वर्तन चांगले ठेवून ही रजा बंदी कमावतो; तिला विशेष कारण लागत नाही आणि ती शिक्षेच्या काळातच धरली जाते. ‘पॅरोल’चा फ्रेंच भाषेतील मूळ अर्थ ‘शब्द’, ‘वचन’ असा आहे. घरातील मृत्यू, गंभीर आजार अशा निकडीच्या कारणास्तव परत येण्याच्या वचनावर ती मिळते. तो काळ शिक्षेत जमा होत नाही. दहा वर्षांची शिक्षा भोगणारा बंदी २१ दिवस संचित रजेवर गेला तर सुटकेची तारीख हलत नाही. ३० दिवस अभिवचन रजेवर गेला तर ती ३० दिवसांनी पुढे सरकते. गोव्यातील जन्मठेपेच्या काही बंद्यांनी चौदा वर्षांच्या हिशेबात पॅरोलचे दिवस धरावेत अशी मागणी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ती अमान्य केली.

यावरून असे वाटेल की भिंतींच्या आत काढलेला दिवसच तेवढा कैदेचा. तसेही नाही. नातेपुत्याच्या दक्षिणेस आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत आहे. औंध संस्थानात १९३९ मध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने व मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली; व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा चित्रपट याच प्रयोगावर आधारलेला. तेथे बंदी शेतीत राबतो, तरी त्याचा दिवस शिक्षेचाच मानला जातो, कारण तो शासनाच्या ताब्यात असतो. म्हणजे कायदा भिंत मोजत नाही. तो दिवस कोणत्या नावाखाली गेला हे पाहतो.

सारांश, सुटकेची वाट पाहणाऱ्या कुटुंबाने ‘चौदा वर्षे झाली का?’ एवढेच विचारून भागत नाही. शिक्षा कोणत्या कलमाखालील, कच्च्या कैदेची वजावट किती, अभिवचन रजेचे दिवस किती, माफी किती आणि शासनाचा आदेश निघाला आहे काय, हे पाच प्रश्न विचारले पाहिजेत. मुदतीच्या शिक्षेत पहिल्या चार उत्तरांवरून तारीख काढता येते. जन्मठेपेत मात्र पाचव्या उत्तरावाचून तारीखच नसते.