हुन्नराची नोंद (लेखांक ६) : डाळिंबातलं नेमकं काय येतं?

गेल्या आठवड्यात आयटीआयच्या दाखल्यांचं पाहिलं. वायरमन आणि इलेक्ट्रिशियन, दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे. एकाला आठवी पास चालते, दुसऱ्याला दहावी लागते. तिथं निदान परीक्षा तरी ठरलेली असते. शेतीच्या सल्ल्यात मात्र सगळा मोकळा कारभार. बारामती-इंदापूर पट्ट्यात ‘डाळिंब तज्ज्ञ’ म्हणवून घ्यायला कुणाची आडकाठी नाही.

पण डाळिंबातलं काय येतं? पाणी तोडून, पानगळ करून बहार धरणं हे एक काम. तेल्या रोग आटोक्यात ठेवणं निराळं, आणि मर रोग वेळीच ओळखणं त्याहून निराळं. बहार धरण्यात ज्याचा हात धरणारा कुणी नाही, तो मरीपुढं चाचपडू शकतो. शिवाय रान कसलं, हेही आलंच. नीरा डाव्या कालव्याचं पाणी इथं १८८०च्या दशकापासून खेळतंय. कालव्याखाली निचरा न झालेली कितीतरी काळी रानं चोपण झाली. मुरमाड माळावर बाग पिकवलेल्याचा सल्ला तिथं जसाच्या तसा लागू पडत नाही.

केंद्र सरकारनं डिसेंबर २०१३मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आणला. तेव्हा १० पायऱ्या होत्या, २०२३च्या सुधारणेत ८ झाल्या. माणूस किती शिकला यापेक्षा त्याला काय करता येतं, हे हा आराखडा विचारतो. काम करत शिकलेल्यालाही चाचणी देऊन प्रमाणपत्र मिळू शकतं. हे मला पटतं. पण ‘चौथी पायरी’ एवढ्यावरून बागाईतदारानं काय समजायचं?

कृषी सेवा केंद्रवाल्यांसाठी हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेनं २००३मध्ये पदविका सुरू केली: वर्षभर आठवड्यातून एक दिवस, ४० वर्ग आणि ८ शिवारफेऱ्या. अभ्यासक्रम चांगला आहे. फक्त सल्ला देणारा आणि औषध विकणारा एकच, ही गोष्ट दाखल्यावर दिसत नाही.

म्हणून शेतकरी गटातल्या प्रत्येकाची नोंद एकाच साच्यात घ्यावी. नमुना असा: ‘डाळिंब, हस्त बहार. मुरमाड जमीन, ठिबक. छाटणी स्वतः करतो. माती परीक्षणाचा अहवाल वाचून खताचं वेळापत्रक बसवतो. तेल्याचं विचारू नये. औषधं विकत नाही.’ यातली शेवटची दोन वाक्यं लिहायला लोक सगळ्यात जास्त कुरकुरतात आणि वाचणाऱ्याला नेमकी तीच हवी असतात. ‘उत्तम’, ‘मध्यम’ असे शेरे नकोत. आपल्याकडं स्वतःला मध्यम म्हणवून घेणारा अजून जन्मायचा आहे.

नोंदीखाली वर्षही हवं. बाग काढून ऊस लावला, तर ‘बाग होती’ असं लिहावं आणि कोणत्या साली काढली तेही. मरीनं गेली असेल तर तसं नक्की लिहावं. पहिलं झाड पिवळं पडलं तेव्हा काय दिसलं होतं, हे विचारायला अशा माणसाकडंच जावं लागतं.

मोटार रिवाइंडिंग करणाऱ्यांच्या नोंदीचं पुढच्या अंकात.