खिडकी इथली, बर्थ कोलकात्याचा

छत्रपती संभाजीनगर स्थानकाच्या आरक्षण खिडकीवर कधी हावडा-चेन्नई मेलचं तिकीट मागून पाहा. ही गाडी मराठवाड्यात फिरकतही नाही. हे स्थानक दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागातलं, तर त्या गाडीच्या बर्थचा हिशेब कोलकात्याच्या आरक्षण केंद्रात. तरीही क्लार्क गाडीचा नंबर, तारीख आणि वर्ग टाकतो आणि बघता बघता तिकीट छापून येतं! कोलकात्याला विचार, असं त्यानं यंत्राला सांगितलेलंच नसतं. मग यंत्राला वाट दाखवली कोणी?

प्रत्येक खिडकीत सगळ्या केंद्रांचे पत्ते भरून ठेवता आले असते. पण एखाद्या केंद्रातला संगणक बदलला, की देशभरच्या खिडक्यांवर दुरुस्ती करत फिरा! रेल्वेच्या 'क्रिस' संस्थेनं बनवलेल्या 'कॉन्सर्ट' प्रणालीनं हे ओझं खिडकीवरून उचललं. 1994 मध्ये ती सिकंदराबादला सुरू झाली. एप्रिल 1999 मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली. खिडकीनं फक्त आपलं केंद्र ओळखायचं. नवख्या पाहुण्यानं पारावर 'पाटलांचा वाडा कुठं?' एवढंच विचारावं आणि गल्लीबोळ पारावरच्यांनी सांभाळावेत, तसं.

हाच विचार त्याआधी अमेरिकेतल्या झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेत सापडतो. अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी 1984 च्या निबंधात दाखवलं, की दूरच्या संगणकातलं काम आपल्याच संगणकातलं असल्यासारखं करून घेता येतं. प्रोग्रॅमनं फक्त नाव घ्यायचं. पत्ता 'ग्रेपव्हाइन' नावाच्या सामाईक नोंदवहीतून शोधला जाई.

पण मला सर्वांत थक्क करतो तो पुढचा भाग. काम झालं आणि उत्तर परत येताना संपर्कच तुटला तर? पुन्हा विचारावं, तर तेच काम दोनदा व्हायची भीती. आरक्षणात तर एका प्रवाशाला दोन बर्थ! बिरेल-नेल्सन यांनी प्रत्येक मागणीला स्वतःची ओळखखूण दिली. तीच मागणी पुन्हा आली, की पलीकडचा संगणक ती ओळखतो आणि काम नव्यानं करत नाही.

आता तुमचं जुनं तिकीट काढा आणि दहा आकडी पीएनआरचा पहिला अंक बघा. 2 असेल तर दिल्ली, 6 असेल तर कोलकाता, 8 असेल तर मुंबई. तुम्ही कधीच न टाकलेला पत्ता यंत्रानं तिथं लिहून ठेवलाय!