घोडेस्वाराचे शिरस्त्राण

जिवती-गडचांदूरकडील चुनखडीच्या खाणीत डोक्यावर टोप हवा, हा नियम आम्हा कामगारांच्या ओळखीचा आहे. घोडेस्वारीच्या खेळाने मात्र तो उशिरा स्वीकारला. ‘ड्रेसाज’ या घोड्याच्या कवायतीत उंच रेशमी टोपी मिरवीत असत. २०१० साली अमेरिकेची ऑलिंपिक स्वार कोर्टनी किंग-डाय सरावात शिरस्त्राणाविना पडली. कवटी फुटून कित्येक दिवस बेशुद्ध राहिली. अखेर १ जानेवारी २०२१ पासून आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने ड्रेसाजमध्येही शिरस्त्राण सक्तीचे केले.

बाहेरचे कठीण कवच आघात पसरविते; आतला थर्मोकोलसारखा थर चेपून तो सोसतो. चेपलेला थर पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून जोराचा मार खाल्लेले शिरस्त्राण वरून धड दिसले तरी टाकून द्यावे. पट्टा आवळलेला नसेल, तर ते असून नसल्यासारखेच.

या नियमातली आम्हांस मोलाची वाटणारी गोष्ट निराळीच आहे. स्पर्धेच्या आवारात जो कोणी घोड्यावर बसेल, त्याला तो लागू आहे. म्हणजे धन्याचा घोडा फिरविणारा मोतद्दारही त्यात आला. परंतु घरच्या पागेपर्यंत महासंघाचा हात पोहोचत नाही. खाणीत टोप मालकाने द्यायचा असतो. पागेत तो कोणी द्यायचा, हे मोतद्दारांनी विचारले पाहिजे, आणि एकेकट्याने नव्हे, मिळून.