सुरीची मूठ: दोन फळ्या, तीन पिना आणि चोवीस तास

सुरी घेताना आपण धार पाहतो, मूठ क्वचितच. पण धार गेली तर पुन्हा लावता येते; मुठीच्या फटीत पाणी शिरलं की आतलं पोलाद गुपचूप गंजतं आणि सुरी खिळखिळी होते.

मूठ बसवण्याच्या रीती अनेक. कोयत्याची निमुळती शेपटी तापवून लाकडात ठोकतात आणि लाकूड फुटू नये म्हणून वर शेंबी, म्हणजे धातूचं कडं, घालतात. जुन्या तलवारींच्या मुठी लाखेने पक्क्या केल्या जात. तापवलं की लाख मऊ होई आणि मूठ उतरवता येई. स्वयंपाकघरातल्या चांगल्या सुरीत मात्र पोलाद मुठीच्या टोकापर्यंत सलग जातं आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक फळी बसते. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात सुरीकारांचा संघ १६२४ मध्ये स्थापन झाला. तिथे घडाई, धार आणि मूठ ही वेगवेगळ्या कारागिरांची कामं होती. या मुठींसाठी भारतातून सांबरशिंगंही जात. आता त्या निर्यातीवर बंदी आहे.

फळ्या बसवण्याची तयारी पोलाद मऊ असतानाच सुरू होते. पाणी देऊन, म्हणजे तापवून झटकन थंड करून, ते कडक केल्यावर साध्या ड्रिलने भोक पडत नाही, म्हणून पिनांची भोकं आधीच पाडायची. काही कारागीर जादा भोकंही पाडतात. त्यांत गोंद भरून दोन्ही फळ्या आरपार सांधल्या जातात. पाणी देऊन झाल्यावरच मूठ चढते, कारण भट्टीच्या उष्णतेपुढे लाकूड आणि गोंद दोन्ही टिकणार नाहीत.

मग फळीची आतली बाजू सपाट पृष्ठभागावर घासून अगदी समतल करायची. उजेडापुढे धरल्यावर पोलाद आणि फळी यांच्यामधून किरण दिसता कामा नये. पात्याकडचं टोक चिकटवण्याआधीच गुळगुळीत करावं लागतं; नंतर तिथे कानस नेली की पात्यावर ओरखडे उठतात. गुळगुळीत पोलादावर गोंदाची पकड कच्ची राहते, म्हणून ते जाड पॉलिश पेपरने खरखरीत करून ॲसिटोनने पुसतात. सागासारख्या तेलकट लाकडालाही हीच पुसणी लागते. त्यानंतर बोट लावायचं नाही.

गोंद म्हणजे बहुतेकदा इपॉक्सी, आपल्याकडे घरोघरी माहीत असलेलं अराल्डाइट त्याच जातीचं. पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्यापेक्षा सावकाश मुरणारं बरं. गोंद लावून फळ्या क्लॅम्पने दाबून धरतात. क्लॅम्प फार आवळला तर गोंद सगळा बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो. क्लॅम्प चोवीस तास तसाच ठेवावा.

पिना पितळेच्या किंवा स्टेनलेस पोलादाच्या. सुरी आपटली, पिळली, तर फळी घसरू न देणं हे त्यांचं काम. पाणी बाहेर ठेवणं हे गोंदाचं. पिनांची डोकी ठोकून पसरवली तर पकड वाढते, पण ठिसूळ लाकडावर जोरात ठोकलं की ते फुटतं. त्यावर कॉर्बी बोल्टचा उपाय आहे: दोन्ही बाजूंनी येणारे भाग आत एकमेकांत आटे धरून बसतात आणि बाहेरची डोकी घासून सपाट केली जातात. घासतानाही सबुरी हवी. पिन तापली की भोवतालची इपॉक्सी मऊ पडते.

म्हणजे मूठ घट्ट राहते ती एकट्या पिनेने नव्हे, एकट्या गोंदानेही नव्हे. दोन्हींआधी झालेल्या घासकामाने. पुढची सुरी घेताना फळी आणि पोलाद यांच्या सांध्यावरून नख फिरवून पाहा. नख अडकलं तर ती सुरी दुकानातच ठेवा. चांगली घरी आणलीत, तर भांड्यांबरोबर पाण्यात भिजत टाकू नका.